दमा असलेल्या मुलाचं खाणं: काय बंद करायचं आणि काय उगाच बंद करायचं नाही

आमच्या फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. मुलगी चार वर्षांची असताना दम्याचं निदान झालं आणि पुढच्या दोनेक महिन्यांत जो भेटेल त्याने काही ना काही बंद करायला सांगितलं, दूध नको कफ होतो, केळं नको, संत्रं नको, आइस्क्रीमचं तर नावच काढू नका, चॉकलेट नको, अंडं नको... मी आपली एकेक गोष्ट त्या कागदावर लिहीत गेले आणि बघता बघता १४ पदार्थ झाले. पोरीचं वजन घटलं, जेवायची वेळ झाली की घरात रडारड, आणि खोकला मात्र जिथल्या तिथे.

शेवटी डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले. एक, प्रिव्हेंटर पंप (दमा उठूच नये म्हणून रोज घ्यायचा तो) रोज देता का? खरं उत्तर होतं, नाही, बरी दिसली की सोडून द्यायचो. दुसरा, या १४ पैकी कुठला पदार्थ खाल्ल्यावर तिला प्रत्यक्ष त्रास झालेला तुम्ही डोळ्यांनी बघितलाय? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतंच. आणि गंमत म्हणजे (तेव्हा अजिबात गंमत वाटली नव्हती) दीड वर्षाने तिला जी खरीखुरी ॲलर्जिक रिॲक्शन आली ती काजूची. काजू त्या कागदावर नव्हता.

मी डॉक्टर नाहीये, दमा असलेल्या मुलीची आई आहे. पण या सगळ्यातून जाताना जे शिकले, डॉक्टरांना विचारून विचारून जे पक्कं केलं, ते क्रमाने लिहून ठेवते. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक जण (मीही त्यातलीच) शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात, म्हणजे आधी खाणं बंद आणि मग बाकीचं.

सगळ्यात आधी दमा ताब्यात आहे का ते बघा

खाण्यामुळे नुसताच दमा उठतो, बाकी अंगावर पोटात काही होत नाही, असं मुलांमध्ये फार कमी वेळा होतं. मुलांचा दमा उठवणारी नेहमीची कारणं म्हणजे सर्दीचे व्हायरस, धूळ, धूर, परागकण, बुरशी, पाळीव प्राण्यांचे केस, थंड हवा. मग खाण्याचा संबंध कुठे येतो? तो येतो दुसऱ्या बाजूने. ज्या मुलाला दमा पण आहे आणि अन्नाची ॲलर्जी पण आहे, त्याचा दमा जर ताब्यात नसेल तर ॲलर्जीची रिॲक्शन जास्त गंभीर, अगदी जिवावर बेतणारी होऊ शकते. श्वासनलिका आधीच सुजलेल्या असतात, त्यात रिॲक्शनने अजून आवळल्या जातात. त्यामुळे खाण्याच्या ॲलर्जीवरचा पहिला उपाय ताटात नसून स्पेसरमध्ये (पंपाला जोडायच्या नळीत, ज्यातून मूल औषध ओढतं) आहे.

ताब्यात आहे की नाही हे कसं ओळखायचं? मागचे चार आठवडे आठवा. दिवसा घरघर, खोकला, धाप असं आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा झालं का (पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर एकापेक्षा जास्त वेळा), रिलिव्हर पंप (त्रास झाला की लगेच आराम देणारा, सहसा निळा) तितक्यांदा लागला का, रात्री खोकल्याने जाग आली का, दम्यामुळे खेळणं अर्धवट सोडलं का. यातलं काहीही हो असेल तर आहाराचा विचार बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना पंपाची टेक्निक दाखवा. दाखवा म्हणजे खरंच त्यांच्यासमोर मुलाला पंप देऊन दाखवा, "येतं आम्हाला" असं सांगू नका, मीही तसंच सांगितलं होतं आणि मास्क नाकाशी नीट टेकतच नव्हता, निम्मं औषध हवेत जात होतं. स्टिरॉइडचा पंप घेतला की चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते, मग तोंड दुखतं म्हणून मूल जेवत नाही आणि आपण परत कुठल्यातरी पदार्थाला दोष देतो.

ॲलर्जी आहे, की पचत नाहीये, की नुसताच समज आहे

हे तीन वेगवेगळे विषय आहेत आणि घरोघरी तिघांनाही "त्याला चालत नाही" हे एकच वाक्य वापरलं जातं.

खरी, ताबडतोब येणारी ॲलर्जी (डॉक्टर हिला आयजीई वाली ॲलर्जी म्हणतात, आयजीई हे रक्तातलं एक प्रतिपिंड) ओळखायला घड्याळ लागतं. पदार्थ खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांच्या आत लक्षणं दिसतात. अंगावर पित्त उठतं, गांधी येतात, ओठ डोळे सुजतात, तोंडात खाज, उलटी, पोटात कळ, आणि त्याच्या जोडीला खोकला, घरघर, आवाज बसणं. अगदी थोडंसं खाऊनही होतं आणि परत खाल्लं की बहुतेक वेळा परत होतं. सकाळी अंडं खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी रात्री खोकला आला, तर तो अंड्याचा खोकला असण्याची शक्यता फारच कमी.

दूध प्यायलं की पोट फुगतं, जुलाब होतात, पण अंगावर काही नाही आणि श्वासालाही काही नाही, तर ते लॅक्टोज (दुधातली साखर) न पचणं असू शकतं, ती ॲलर्जी नव्हे. त्रासदायक आहे, पण त्याने जिवाला धोका नसतो.

आता दुधाने कफ होतो हा समज. दूध लाळेत मिसळलं की तोंडात घशात थोडा वेळ दाटसर थर जाणवतो, तो कफासारखा वाटतो, पण दुधामुळे छातीत जास्त कफ तयार होतो असं अभ्यासांमध्ये दिसलेलं नाही. ज्याला दुधाची ॲलर्जीच आहे त्याची गोष्ट वेगळी. बाकीच्यांचं दूध बंद केल्याने दमा सुधारत नाही, हाडांचं मात्र नुकसान होतं. आमच्या कागदावरचा नंबर एक हाच होता.

अजून दोन गोष्टी ॲलर्जीसारख्या दिसतात. एक म्हणजे ॲसिडिटी, पोटातलं वर येणं. पोटभर जेवून लगेच आडवं झालं की खोकला सुरू होत असेल तर जेवणात काय होतं यापेक्षा किती वाजता जेवलं हे बघा, झोपण्याआधी दोन तीन तास मोकळे ठेवले तर पुष्कळ फरक पडतो. दुसरी म्हणजे सल्फाइट. हे प्रिझर्व्हेटिव्ह आहे, सुकवलेल्या फळांमध्ये (खास करून त्या चमकदार नारिंगी जर्दाळूंमध्ये), बाटलीतल्या लिंबाच्या रसात, काही सरबतांमध्ये असतं, लेबलवर ई २२० ते ई २२८ या नंबरांनी दिसतं. दमा असलेल्यांपैकी काही जणांना याने खरोखर छाती आवळते. ही ॲलर्जी नाही, टेस्टमध्ये सहसा सापडत नाही, पण दम्याच्या बाबतीत जे मोजके पदार्थ खरेच संशयित आहेत त्यात हे पहिलं.

डायरी ठेवा, पण कामाची

दोन ते चार आठवडे पुरेत. नुसतं "सकाळी ब्रेड, दुपारी भात, रात्री खोकला" असं लिहून काही कळत नाही, मी तसं दीड महिना लिहिलं आणि ती वही फुकट गेली. नोंद अशी हवी:

"शनिवार. ४.१० ला बिस्किट (पुडा ठेवलाय, लेबलचा फोटो काढला), एक पूर्ण. ४.२५ ला ओठ खाजवायला लागली, ४.३० ला हनुवटीवर तीन गांधी, फोटो काढला. खोकला नाही. सकाळपासून नाक गळतंय. सकाळचा प्रिव्हेंटर दिला होता. ४ वाजेपर्यंत पळत होती."

वेळ, किती खाल्लं, ब्रँडसकट लेबल, लक्षण आणि त्याची वेळ, शिवाय त्या दिवशी सर्दी होती का, पंप दिला होता का, खेळून आलं होतं का. शेवटच्या तीन गोष्टी सगळ्यात जास्त विसरल्या जातात आणि बऱ्याच वेळा उत्तर तिथेच सापडतं. काही मुलांना एखादा पदार्थ (गहू हे नेहमीचं उदाहरण) एरवी चालतो, पण खाऊन लगेच जोरात पळापळ केली तरच रिॲक्शन येते, हे नोंदीशिवाय कधीच लक्षात येणार नाही. गांधी डॉक्टरकडे पोचेपर्यंत गायब होतात म्हणून फोटो.

टेस्ट: कुठली करायची, कुठली नाही

आधी हकीकत, मग टेस्ट. उलटं केलं की गोंधळ होतो. स्किन प्रिक टेस्टमध्ये हातावर किंवा पाठीवर थेंब टाकून हलकंसं टोचतात, १५ ते २० मिनिटांत फुगवटा मोजतात. त्याआधी काही दिवस अँटीहिस्टामिन (खाज, गांधीवरचं ॲलर्जीचं औषध) बंद ठेवायला लागतं, किती दिवस ते औषधावर अवलंबून असतं, विचारून घ्या, पण दम्याचे पंप बंद करायचे नसतात. दुसरी रक्ताची, स्पेसिफिक आयजीई. दोन्ही टेस्टमध्ये एक मोठी मेख आहे, पॉझिटिव्ह आलं म्हणजे शरीर त्या पदार्थाला ओळखतं इतकंच कळतं, खाल्ल्यावर त्रास होईलच असं नाही. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी जवळपास निम्म्या मुलांना तो पदार्थ खाऊन काहीही होत नाही. म्हणूनच ४०-५० पदार्थांचं एकगठ्ठा पॅनेल करू नका, रिपोर्टमध्ये दहा बारा गोष्टी लाल दिसतात आणि फ्रिजवर नवा कागद लागतो. आणि आकडा मोठा म्हणजे रिॲक्शन मोठी असंही नसतं, आकड्यावरून फक्त ॲलर्जी असण्याची शक्यता किती ते कळतं.

आयजीजी वाल्या "फूड इनटॉलरन्स" टेस्ट विकणारे बरेच आहेत. आयजीजी हे वेगळं प्रतिपिंड, ते म्हणजे तो पदार्थ खाण्यात येतो याची खूण, बाकी काही नाही. जगभरच्या ॲलर्जी तज्ज्ञांच्या संघटना ही टेस्ट करू नका म्हणून सांगतात. पैसे वाचवा.

शंका उरलीच तर खात्रीची टेस्ट म्हणजे फूड चॅलेंज, हॉस्पिटलमध्ये, डॉक्टरांच्या समोर, अगदी कणभरापासून सुरू करून ठरावीक अंतराने प्रमाण वाढवत तो पदार्थ खायला देतात. त्या दिवशी दमा शांत असावा लागतो, सर्दी खोकला असेल तर पुढे ढकलतात. हे घरी स्वतः करून बघू नका, एकदा रिॲक्शन येऊन गेलेल्या मुलाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

एखादा पदार्थ बंद करायचाच असेल तर

एका वेळी एकच संशयित, ठरावीक मुदतीसाठी, साधारण दोन ते चार आठवडे, आणि मुदत संपली की डॉक्टरांच्या सांगण्याने परत सुरू करून बघायचं. परत सुरू करणं हा या प्रयोगाचाच भाग आहे, लोक तेवढंच विसरतात. "बंद केल्यापासून बरा आहे" यात तोवर सर्दीचा सीझनच संपलेला असू शकतो.

इथे एक सावधगिरी, ती मला फार उशिरा कळली. ज्या मुलांना एक्झिमा (खाजरी, कोरडी, लाल पडणारी त्वचा) आहे आणि जी मुलं एखादा पदार्थ आत्तापर्यंत बिनातक्रार खात होती, त्यांचा तो पदार्थ बरेच महिने पूर्ण बंद ठेवला तर शरीराची सवय मोडू शकते आणि परत दिल्यावर आधी कधीच नव्हती अशी तीव्र रिॲक्शन येऊ शकते. म्हणजे "बंद ठेवायला काय जातंय" हे वाक्य साफ चूक आहे. बरंच काही जातं.

ॲलर्जी सिद्ध झाली असेल तर मात्र तो पदार्थ पूर्ण बंद. पण फक्त तोच, त्याचं सगळं गणगोत नाही. शेंगदाणा हा खरं तर कडधान्याच्या कुळातला, बदाम काजूशी त्याचं नातं नाही, तरी शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना सुक्या मेव्याचीही असते, त्यामुळे ते तपासून ठरवायचं. काजू आणि पिस्ता मात्र सख्खे, एकाची असेल तर दुसऱ्याचीही बहुतेक असतेच, अक्रोड आणि पीकनचंही (अक्रोडासारखाच एक सुका मेवा) तसंच. गाईच्या दुधाची ॲलर्जी असेल तर बकरीचं दूध हा पर्याय नव्हे, दहातल्या नऊ मुलांना तेही चालत नाही.

दूध किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच मुलांना, साधारण दोनतृतीयांशांच्या वर, ते केक-मफिनसारखं ओव्हनमध्ये नीट भाजलेलं असेल तर चालतं, कारण उष्णतेने प्रथिनांचा आकार बदलतो. हे पण हॉस्पिटलमध्ये तपासून मगच. आपणहून "एक तुकडा देऊन बघू" नको.

आणि जे काढलं त्याच्या जागी काय येणार ते त्याच दिवशी ठरवा. दूध काढलं की कॅल्शियम, प्रोटीन, व्हिटॅमिन डी, बी १२ सगळं एकदम कमी होतं. अमेरिकेतल्या शिफारशींप्रमाणे १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला ७०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, ४ ते ८ ला १,००० आणि ९ ते १८ ला १,३००, आणि एक कप दुधात साधारण ३०० असतं. सोया दूध (कॅल्शियम घातलेलं) प्रोटीनच्या बाबतीत गाईच्या दुधाच्या जवळ जातं, बदामाच्या आणि तांदळाच्या दुधात मात्र कपाला जेमतेम १ ग्रॅम प्रोटीन असतं, ते लहान मुलाला दुधाची बदली म्हणून देणं म्हणजे पांढरं पाणी पाजणं. गहू काढला तर लोह आणि बी व्हिटॅमिन्सकडे लक्ष हवं. दोन किंवा जास्त मुख्य पदार्थ बंद असतील तर आहारतज्ज्ञ गाठाच, आणि दर तीन महिन्यांनी वजन उंची ग्रोथ चार्टवर मांडा. चार्टची रेघ खाली वळायला लागली तर वजन घटलेलं डोळ्यांना दिसण्याआधी ती रेघ सांगते.

लेबल वाचणं

अमेरिकेत नऊ पदार्थ लेबलवर स्पष्ट लिहावे लागतात: दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले जीव, काजू-बदामासारखा सुका मेवा, शेंगदाणा, गहू, सोयाबीन, आणि १ जानेवारी २०२३ पासून तीळ. युरोपियन युनियनची यादी १४ ची आहे, त्यात मोहरी, सेलरी, सल्फाइट वगैरे पण येतात. तुमच्याकडचा नियम काय आहे ते एकदा बघून ठेवा, कारण बाहेरदेशाहून आलेल्या पुड्यावर दुसऱ्याच देशाच्या नियमाचं लेबल असू शकतं.

पदार्थ टोपणनावानेही बसलेला असतो. दूध हे केसिन, केसिनेट, व्हे, लॅक्टाल्ब्युमिन या नावांनी येतं. अंडं हे अल्ब्युमिन, ओव्हाल्ब्युमिन, लायसोझाइम. गहू हा रवा, मैदा, ग्लूटेन, सेइटान. लेबल तीनदा वाचा, विकत घेताना, घरी डब्यात भरताना, आणि मुलाच्या हातात देताना. वेडेपणा वाटेल, पण कंपनी तोच पुडा, तेच चित्र ठेवून आतली रेसिपी बदलते, आणि मोठ्या पुड्यात न घातलेली गोष्ट छोट्या पुड्यात असू शकते. "अंश असू शकतो" ही सूचना बऱ्याच देशांत ऐच्छिक आहे, म्हणजे ती नसली तर पदार्थ सेफ आहे असं समजायचं कारण नाही.

औषधांचं लेबलही वाचा. पावडरच्या बऱ्याच इनहेलरमध्ये लॅक्टोज असतं आणि त्यात दुधाच्या प्रथिनांचा किंचित अंश राहू शकतो. दुधाची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलांमध्ये त्याने क्वचित रिॲक्शन आलेल्या आहेत, दाबायच्या पंपात लॅक्टोज नसतं. हे ऐकून कुणी आपणहून पंप बंद करू नका, फक्त डॉक्टरांना विचारा. फ्लूच्या लशीबद्दल पण लोक उगाच घाबरतात, अंड्याची ॲलर्जी आहे म्हणून फ्लूची लस टाळायची गरज नाही, आणि दम्याच्या मुलाला ती हवीच असते.

घरातलं किचन

पूर्ण घरातून तो पदार्थ हद्दपार करायचा की नाही हे मुलाचं वय बघून ठरवा. दोन वर्षांचं पोर जमिनीवरचं उचलून तोंडात घालतं, तिथे हद्दपारच बरं. दहा वर्षांच्या मुलाने मात्र घरात तो पदार्थ असताना सांभाळायला शिकायला हवं, कारण बाहेर तो असणारच आहे.

स्वयंपाक करताना मुलाचं आधी करून झाकून ठेवायचं, मग बाकीच्यांचं. एकाच तेलात तळायचं नाही. चमचा, सुरी, चॉपिंग बोर्ड वेगळे, रंगाने ओळखता येतील असे. लाकडी पळी धुऊनही भरवसा नको, भेगांत राहतं. हात साबणाने धुवायचे, सॅनिटायझरने जंतू मरतात पण शेंगदाण्याचं प्रोटीन हातावर तसंच राहतं, नुसत्या पाण्यानेही पूर्ण जात नाही. ओल्या वाइप्सने जातं. वास येण्याबद्दल विचाराल तर शेंगदाण्याच्या नुसत्या वासाने सहसा काही होत नाही, पण मासे कोळंबी शिजतानाची वाफ आणि हवेत उडणारं पीठ हे दम्याच्या मुलाला खरंच त्रास देऊ शकतं, त्या वेळी मूल किचनच्या बाहेर आणि खिडक्या उघड्या.

पार्टी आणि शाळा

आता आमचा काजू. एका ओळखीच्यांकडे वाढदिवस होता, लेकीने साध्या व्हॅनिला केकचा तुकडा खाल्ला. त्याच सुरीने आधी काजू लावलेला दुसरा केक कापला होता. तोवर तिला काजूची ॲलर्जी आहे हे आम्हालाच माहीत नव्हतं. पाच मिनिटांत ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आई, माझ्या जिभेला केस चिकटलाय." मी जीभ बघितली, केस कुठेय, काही नाही, पाणी पी म्हटलं. मग घसा खाकरायला लागली, सारखी, मग खोकला, आणि मी पर्समधला निळा पंप काढला कारण मला वाटलं दमाच उठला. अंगावर एकही गांधी नव्हती. दोनदा उलटी झाली तेव्हा कुणीतरी म्हणालं हे वेगळं दिसतंय, हॉस्पिटलमध्ये न्या. नेलं, ॲड्रेनालिन (तीव्र रिॲक्शनवरचं तातडीचं इंजेक्शन) दिलं, वाचली. त्या वीस मिनिटांत मी पंपच देत बसले होते.

लहान मुलं "मला ॲलर्जी येतेय" असं म्हणत नाहीत. जीभ टोचतेय, तोंड गरम झालंय, घशात काहीतरी अडकलंय, कानात खाज येतेय, पोटात गोळा आलाय असं म्हणतात, किंवा नुसतीच जीभ ओढत बसतात आणि आवाज चिरका होतो. हे शब्द शाळेतल्या बाईंना, आजी आजोबांना, मित्राच्या आईला लिहूनच द्या.

शाळेला द्यायचं ते एकच पान: फोटो, कशाची ॲलर्जी, दमा आहे हे ठळक, लक्षणं, काय करायचं क्रमाने, फोन नंबर. सोबत पंप, स्पेसर आणि ॲड्रेनालिन, कुलपात न ठेवता हाताशी. वर्गात एक डबा ठेवा, त्यात चालणारा खाऊ, म्हणजे कुणाचा वाढदिवस अचानक आला तर पोरगं कोरडं बसत नाही. आणि मुलाला दोन वाक्यं पाठ करून द्या, "मी फक्त माझ्या डब्यातलं खातो" आणि "मला बरं वाटत नाहीये, मोठ्यांना बोलवा". बरं वाटेना म्हणून एकटं बाथरूममध्ये जाऊन बसायचं नाही, हे मोठ्या मुलांना खास सांगायला हवं, ती लाजेने असंच करतात.

रिॲक्शन आलीच तर

नुसत्या एक दोन गांधी, ओठाला खाज, बाकी मूल खेळतंय, तर डॉक्टरांनी सांगितलेलं अँटीहिस्टामिन द्या आणि मुलावरची नजर हलवू नका. पण श्वासाचं काहीही झालं, खोकला, घरघर, आवाज बसला, गिळता येईना, किंवा मूल फिकट, ढिलं पडलं, किंवा त्वचेबरोबर उलट्या सुरू झाल्या, तर ती ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र रिॲक्शन, समजायची. ज्याची ॲलर्जी माहीत आहे ते खाल्ल्यावर फक्त घरघर सुरू झाली, अंगावर काहीच नाही, तरीसुद्धा.

१. ॲड्रेनालिन सगळ्यात आधी. मांडीच्या मधोमध, बाहेरच्या बाजूला, स्नायूत, कपड्यांवरूनसुद्धा चालतं. डोस किलोला ०.०१ मिलिग्रॅम, मुलांना एका वेळी जास्तीत जास्त ०.३ मिलिग्रॅम. तयार पेन (डोस आत भरलेलं इंजेक्शन) ०.१५ आणि ०.३ मध्ये येतात. पेन मिळत नसेल तर डॉक्टरांकडून सिरिंजची सोय आणि डोस आधीच लिहून घ्या, ऐन वेळी गणित होत नाही.

२. अँब्युलन्स बोलवा, फोनवर "ॲनाफिलॅक्सिस" हा शब्द वापरा.

३. मुलाला आडवं झोपवा, पाय वर. श्वास लागत असेल तर बसवा. बेशुद्ध असेल किंवा उलट्या होत असतील तर कुशीवर वळवा. बरं वाटलं तरी उभं करायचं नाही, चालवत गाडीपर्यंत न्यायचं नाही, एकदम उठवल्याने रक्तदाब कोसळू शकतो.

४. त्यानंतर निळा पंप, स्पेसरने. पंप फक्त श्वासनलिका मोकळ्या करतो, घशाची सूज आणि कोसळणारा रक्तदाब त्याला आवरत नाही. दमा की ॲलर्जी कळत नसेल आणि मुलाला अन्नाची ॲलर्जी आहे हे माहीत असेल, तर आधी ॲड्रेनालिन, मग पंप. दम्यासाठी ॲड्रेनालिन दिलं गेलं म्हणून सहसा काही बिघडत नाही, हात थरथरतात, छाती धडधडते, ओसरतं.

५. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा डोस. म्हणून कायम दोन जवळ हवेत.

सगळं ठीक वाटलं तरी हॉस्पिटलमध्ये काही तास थांबायचं, कारण काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते आणि दमा असलेल्यांना जास्त वेळ थांबवून घेतात. सरावाचं पेन मिळतं त्याने घरात सगळ्यांनी सराव करा, खरं एक्स्पायर झालेलं पेन संत्र्यावर मारून बघा, तो खटका ऐकलेला असला की हात अडत नाही. पेन फ्रिजमध्ये नको, उन्हातल्या गाडीत नको. औषध गढूळ किंवा तपकिरी झालं की बदला.

बाकीचं रोजचं ताट

यावर लिहिण्यासारखं खरं तर कमी आहे, कारण दम्याचा म्हणून वेगळा आहार नसतो. भाज्या, फळं, डाळी, धान्य, जे चालतं ते सगळं. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने दमा सुधारतो, हे नक्की. अटॅक आल्यावर तोंडाने स्टिरॉइडचा कोर्स दिला की काही दिवस भूक खवळते, त्या दिवसांत घरात चिप्सची पाकिटं ठेवू नका, एवढंच. व्हिटॅमिन डी कमी निघालं तर भरून काढा, पण दमा बरा करणारी पावडर, चूर्ण, ज्यूस असलं काही नसतं आणि त्या मिश्रणांमध्ये कधीकधी नेमका ॲलर्जीचाच पदार्थ असतो.

धाकटं भावंड येणार असेल तर एक सांगते. पूर्वी शेंगदाणा, अंडं वगैरे उशिरा द्या म्हणायचे. २०१५ मध्ये लंडनमधल्या लीप नावाच्या अभ्यासाने ते उलटवलं, जास्त धोका असलेल्या ६४० बाळांपैकी ज्यांना ४ ते ११ महिन्यांच्या दरम्यान शेंगदाणा सुरू करून पुढे चालू ठेवला, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी ८० टक्क्यांहून जास्त कमी दिसली. अख्खा दाणा नव्हे हं, तो घशात अडकतो, पातळ केलेलं बटर किंवा पूड. तीव्र एक्झिमा असलेल्या बाळाचं डॉक्टरांना विचारून.

दर वर्षी परत बघा

दूध, अंडं, गहू, सोया यांच्या ॲलर्जी बऱ्याच मुलांच्या वाढत्या वयात जातात. शेंगदाण्याची साधारण पाचातल्या एकाची जाते, सुक्या मेव्याची दहातल्या एकाची. म्हणजे एकदा लागलेला शिक्का कायमचा समजायचा नाही, वर्षातून एकदा तपासणी, आणि वजन वाढलं की ॲड्रेनालिनचा डोस परत मोजून घ्यायचा. आता थोडं थोडं खायला देऊन सवय करणारी इम्युनोथेरपी आहे, आणि दम्यासाठी आधीपासून वापरात असलेलं ओमालिझुमॅब हे इंजेक्शन फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत अन्नाच्या ॲलर्जीसाठीही मंजूर झालं, चुकून खाल्लं गेलं तर रिॲक्शन सौम्य व्हावी म्हणून, मनसोक्त खाता यावं म्हणून नव्हे. इम्युनोथेरपीला दमा ताब्यात असणं ही पहिली अट आहे, आणि डोस घेतल्यावर काही तास पळापळ करायची नाही.

आमच्या फ्रिजवर आता वेगळा कागद आहे. वर दोन शब्द, काजू, पिस्ता. खाली ॲड्रेनालिनच्या दोन्ही पेनची एक्स्पायरी, आणि प्रिव्हेंटरच्या टिकांचा तक्ता, त्यात मागच्या गुरुवारची सकाळ रिकामी आहे, ती लेकीनेच लाल पेनने गोल करून ठेवलीये.